पीठमामांच्या घरची पाहणी

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. लांब बसलेल्याच्या कानापर्यंत पोचेतो गोष्टीतलं निम्मं मीठ वाटेत सांडलेलं असतं. आमचा गिरणीवाला एका दिवसात श्रीमंत कसा झाला, आणि त्या श्रीमंतीपायी त्याच्या पोटाची गिरणी जाता जाता कशी राहिली, ते आज सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. देवाच्या दारात गाऊन कथा सांगणारे बुवा आधी हसवतात आणि मग ऐकणारा डोळे पुसत घरी जातो. मला गाता येत नाही. हसण्याचं तेवढं देवाच्या कृपेने जमेल.

गिरणीवाल्याला सगळं गाव पीठमामा म्हणायचं. भुवयांवर पीठ, कानांच्या पाळ्यांवर पीठ, पापण्यांवर पीठ. उन्हाळ्यात घाम फुटला की मामांच्या गालावर आपोआप कणीक मळली जायची. माणूस असा मऊ, की दळण घेऊन आलेल्याने "पैसे उद्या देतो" म्हटलं तर मामाच त्याला "परवा दिले तरी चालतील" म्हणायचे.

त्या वर्षी ऊन असं होतं की रस्त्याकडेची काळी माती तडकून तिच्या भेगांत कोंबडीची पिल्लं पडायची. वारा सुटला की धूळ दारातून आत यायची आणि मागच्या दारातून जायची, मधे घरातल्या सगळ्यांची विचारपूस करून. अशा एका दुपारी गिरणीत भांडण जुंपलं होतं. पट्टा खडखडत होता, त्यामुळे मामा आणि मामी दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि अर्धं गाव पिशव्या मांडीवर घेऊन ऐकत होतं.

"वकील म्हणजे आणखी एक देणं," मामी ओरडल्या. "आधीच्यांना तोंड दाखवायची सोय नाही, त्यात हा एक वाढवा."

"अगं, फुकट आहे ती वकीलबाई. सरकारच बसवतं. गरिबांसाठी."

"फुकट? फुकट तर तुम्हाला ते मिरचीचं यंत्रसुद्धा पहिल्या महिन्यात होतं."

आणि ते खरं होतं. सगळं खापर त्या मिरचीच्या यंत्रावरच फुटायला हवं. तीन वर्षांपूर्वी कुणा विक्रेत्याने मामांना पटवलं की गव्हाच्या गिरणीशेजारी मिरची कांडायचं यंत्र ठेवलं की नशीब उघडतं. मामांनी कर्ज काढून यंत्र घेतलं. आता गहू आणि मिरची एकाच खोलीत. आठ दिवसांत गावातल्या सगळ्या भाकऱ्या-चपात्या झणझणीत झाल्या. तान्ही मुलं पहिल्या घासाला टाहो फोडू लागली. म्हातारी माणसं जेवताना देवाचं नाव जरा जास्तच घेऊ लागली, तेवढंच पुण्य. गिऱ्हाईक तुटलं. मग मामांनी मधे भिंत घालायला कर्ज काढलं. मग मिरचीची धूळ बाहेर फेकायला मोठा पंखा बसवला, त्यासाठी कर्ज. पंख्याचं तोंड शाळेकडे होतं. पोरांना सुट्टी द्यावी लागली. पोरांनी मामांचा जयजयकार केला, पण पोरं काही दळण आणत नाहीत. मग हप्ते भरायला कर्ज, आणि त्या कर्जाचे हप्ते भरायला गूळशेठ.

गूळशेठ हा आमच्याकडचा सावकार. त्याने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. "बाळा, तू मला मुलासारखा. मुद्दल राहू दे रे, व्याज तेवढं टाकून जा," असं तो अशा प्रेमाने म्हणायचा की माणूस व्याज टाकून वर आभार मानून यायचा. गावातलं एकही घर त्याच्या देण्यातून सुटलं नव्हतं. आणि सगळी घरं त्याला एकच सांगायची, की शेठ, घरात आता काही म्हणजे काही उरलेलं नाही. गूळशेठ गल्लीतून फिरायला निघाला की पुढच्या घरातून मागच्या घराला खूण जायची, आणि धडाधड सामानावर पोती, चादरी, गोधड्या पडायच्या. त्याच्या फेरीच्या वेळी आमचं गाव इतकं दरिद्री दिसायचं की त्यालाच वाईट वाटायचं.

तर भांडण चाललं होतं, तेवढ्यात मामांची थोरली बहीण आली. आक्का. नवरा गेल्यापासून भावाच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिने पहिलं काम काय केलं, तर पट्टा बंद केला. गिरणी थांबली आणि मामी "तुम्हाला अक्कल नाही" हे वाक्य सगळ्या गावाच्या शांततेत ओरडून बसल्या.

"झालं?" आक्का म्हणाली. "अरे, जा की त्या वकिलाकडे. तोंड धुऊन जा तेवढं."

मामा गेले. तोंड धुऊनच गेले, पण कपड्यांत तीन वर्षांची मिरची होती.

शहरातल्या कोर्टात जिन्याखाली एक खोली आहे. उंच माणूस आत शिरताना वाकतो आणि बाहेर पडताना डोकं आपटतो. तिथे बसते वकीलबाई. वय कोवळं, चष्मा जाड, टेबलाचा एक पाय विटेवर. मामा समोर बसले आणि तिला शिंक आली. पुन्हा आली. मग शिंका येतच राहिल्या.

"सर्दी झालीय का बाई?" मामांनी मायेने विचारलं.

"तुम्ही यायच्या आधी नव्हती," बाई नाक पुसत म्हणाली. "बोला. कुणाकुणाचं देणं आहे?"

"मी ज्यांना ओळखतो त्या सगळ्यांचं."

"आणि फेडणार कशातून?"

"तेच विचारायला आलोय."

बाई हसली नाही. तिने खुर्ची थोडी मागे घेतली, वाऱ्याची दिशा बघून, आणि नीट समजावून सांगितलं. माणसाचं देणं डोक्यावरून गेलं, या जन्मात फिटायचं नाही असं झालं, की तो कोर्टात नादारीचा अर्ज करू शकतो. मग कोर्ट त्याचं जे काही असेल ते बघतं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, चुलीजवळची भांडी आणि पोटाच्या धंद्याचं साधन, एवढं सोडून बाकीचं विकतं आणि घेणेकऱ्यांना वाटून देतं. त्यानंतर दारात कुणी मागायला उभं राहायचं नाही.

"म्हणजे गिरणी?"

"गिरणी तुमचं पोट आहे. ती राहील. मिरचीचं यंत्र जाईल."

"देव तुमचं भलं करो," मामा म्हणाले. पापण्यांत धुऊनही उरलेल्या पिठाचे दोन थेंब झाले.

"पण मामा, दोन गोष्टी. एक, कोर्टात आणि कोर्टाच्या माणसासमोर फक्त खरं बोलायचं. एक जरी वस्तू लपवली किंवा खोटं सांगितलं, तर अर्ज फेटाळतील, आणि मग गिरणीसुद्धा लिलावात जाईल. दोन, कोर्टाचे साहेब घराची पाहणी करायला येतील. घर जसं आहे तसं ठेवायचं. काही म्हणजे काही करायचं नाही."

मामांनी ते घोकत घोकत घर गाठलं, आणि आक्काला शब्दही न चुकता सांगितलं. इथे जरा थांबतो, कारण गोष्ट इथेच फसली. मामांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. चुकलं ते आक्काच्या समजण्यात, आणि तिची तरी काय चूक? आमच्याकडे पाहुणा निरोप धाडताना काय म्हणतो? "येतोय, पण काही म्हणजे काही करू नका." याचा अर्थ काय असतो, ते या गावात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही.

"साहेब स्वतः म्हणालेत काही करू नका?" आक्काने डोळे मिचकावले. "चांगल्या घरचा दिसतो."

"आक्का, बाई म्हणाल्यात, घर जसं आहे तसं..."

"तू दळण बघ. पाहुण्याचं मी बघते. कोर्टाचा साहेब आपल्या दारात यायचा आणि त्याला फाटक्या चटईवर बसवायचं? आई-बापांची काही लाज?"

आणि आमच्या गावाची रीतच आहे. कुणाच्या घरी मोठा पाहुणा यायचा असला, की शेजारपाजारचं चांगलं ते त्या घरात जातं. कुणाचे कप, कुणाची सतरंजी. पाहुणा गेला की परत. यात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. पीठमामांचं तर नावच निघायचा अवकाश. त्यांनी उधार दळून दिलं नाही असं घर नव्हतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी मामा दिवसभर गिरणीत झिजलेल्या दगडांना टाकी लावून खाचा पाडत होते. संध्याकाळी घरी आले, दार ढकललं, आत बघितलं, आणि "माफ करा हं, चुकून आलो" म्हणून बाहेर पडले. गल्लीत उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंची घरं पाहिली. मग पुन्हा आत गेले.

भिंतीला टेकून सुताराचा नक्षीचा सोफा होता. कोपऱ्यात न्हाव्याचा फ्रीज, वर कापडी फुलं. मास्तरांचं काचेचं कपाट, आत त्यांना मिळालेले पेले आणि ढाली. भिंतीवर तीन घरांची तीन घड्याळं, आणि तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. मागच्या अंगणात म्हैस. काळीभोर, शिंगांना तेल लावलेली.

"ही कशाला?" मामांनी विचारलं.

"दारात जनावर नसलं की घर उघडं दिसतं," आक्का म्हणाली.

"आक्का, हे सगळं परत कर. बाईंनी बजावलंय."

"करते की. साहेब गेले की लगेच."

"आत्ता कर."

"आत्ता? सुताराची पाठ भरून आलीय. चौघं न्हाव्याच्या फ्रीजखाली दबता दबता राहिलेत. उद्या सकाळी बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उठायच्या आत साहेब हजर. सरकारी माणूस वेळेच्या आधी येतो हे गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लांब, वाळका गृहस्थ, काखेत पिशवी, चेहरा असा की हसायला वरून परवानगी लागत असावी. मागे वकीलबाई, नाकाला आधीच रुमाल लावलेला. आणि तिच्या मागे, हळूहळू पावलं टाकत, गूळशेठ. घेणेकरी म्हणून पाहणीला हजर राहायचा त्याला हक्क होता. ही गोष्ट आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

सगळं गाव खिडकीशी आणि दाराशी जमलेलं होतं, आपापल्या वस्तू शोभतायत का ते बघायला. गूळशेठला पाहताच पहिली रांग मागच्या रांगेच्या पायांवर गेली. सुतार बायकोच्या मागे लपला. बायको बारीक होती; सुतार दोन्ही बाजूंनी दिसत होता.

साहेबांनी सोफा बघितला. फ्रीज बघितला. तिन्ही घड्याळं बघून स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. वकीलबाईचा रुमाल नाकावरून खाली आला आणि तोंड उघडंच राहिलं.

"पीठमामा तुम्हीच ना?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"नादार?"

"हो साहेब."

"मग हे?"

मामांनी उत्तर द्यायच्या आत आक्का पुढे झाली. "बसा ना साहेब. काही केलेलं नाही हं आम्ही, तुम्ही म्हणालात म्हणून. घर रोजच असं असतं."

वकीलबाईने डोळे मिटले.

"फ्रीज चालू आहे?" साहेबांनी फ्रीजचं दार उघडलं. आत दोन वस्तरे, एक आरसा, डोक्याच्या तेलाच्या बाटल्या आणि कुणाचे तरी कापलेले केस. साहेबांनी दार हळूच लावलं.

"लिहून घ्या साहेब," गूळशेठ मऊ आवाजात म्हणाला. "सावकाश लिहा. मला तर आनंदच होतोय. आमचे मामा इतक्या सुखात आहेत, मला कल्पनाच नव्हती."

"यातलं माझं काही नाही साहेब," मामा म्हणाले. "चटई माझी आहे. ती त्या सोफ्याखाली गेली."

"मग कुणाचं आहे?"

आता बघा, देव माणसाला कुठे आणून उभा करतो. मामांनी तोंड उघडलं आणि खिडकीकडे बघितलं. सुताराचा चेहरा पिठापेक्षा पांढरा. कारण गेल्याच महिन्यात सुतार गूळशेठच्या ओसरीवर रडून आला होता, की सोफा सरपणाला फोडला शेठ, घरात बसायला पाट नाही. न्हाव्याने सांगितलं होतं, फ्रीज विकून औषधं आणली. मास्तरांनी, सगळ्या गावाला खरं बोलायला शिकवणाऱ्या मास्तरांनी, सांगितलं होतं की ढाली वाळवी लागून गेल्या. त्या ढाली पितळेच्या होत्या, पण मास्तरांचा शब्द कोण मोडणार? मामांनी आता एकेकाचं नाव घ्यायचं म्हणजे एकेकाला गूळशेठच्या तोंडी द्यायचं. नाही घेतलं, तर गिरणी जाणार.

"साहेब," मामा म्हणाले, "माझं नाही, हे खरं आहे. कुणाचं, ते मी सांगणार नाही."

वकीलबाई त्यांच्या कानाशी आली. "मामा, मी काय सांगितलं होतं? खरं बोला."

"खरंच बोलतोय बाई. अर्धं बोलतोय."

"अर्ध्याने भागत नाही हो. गिरणी जाईल."

"माहीतय." मामांनी खांदे पाडले, तेव्हा खांद्यांवरचं पीठ उडालं आणि बाईला शिंक आली.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "ज्याचं असेल त्याने आत्ता पुढे यावं. नाही तर जे या घरात आहे ते या घराचं. अर्जात खोटं सांगितलं असाही अभिप्राय द्यावा लागेल."

दाराशी कुणी हललं नाही. माझंही एक घड्याळ भिंतीवर होतं, आणि मी छताकडे बघत होतो, हे कबूल करायला हवं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. आक्काच्या आता ध्यानात आलं होतं की आपण काय करून बसलो. ती पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. तिलाही नावं घेता येत नव्हती. तिनेच तर घरोघर जाऊन मागून आणलं होतं.

साहेब मागच्या अंगणात गेले. सगळे त्यांच्या मागे. "म्हैस एक," ते लिहू लागले. "दूध किती देते?"

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी म्हशीकडे बघितलं. म्हशीने कुणाकडे बघितलं नाही.

"मामींनी काढूनच दाखवावं," गूळशेठ म्हणाला. "साहेबांना चहाही होईल. घरची म्हैस आहे, त्यात काय?"

मामी चरवी घेऊन बसल्या. जन्मात म्हैस पिळली नव्हती. पीठ चाळावं तसा त्यांनी हात हलवला. म्हशीने मान वळवून एकदा त्यांना नीट पाहिलं, आणि मग जी लाथ झाडली, तिच्याबरोबर चरवी उडाली ती गूळशेठच्या पोटाला भिडून थांबली. मामी शेणात बसल्या. म्हैस हंबरली. सकाळची धार टळून गेली होती, कास भरून दगड झाली होती, आणि ते जनावर पाय बदलत, मान ताणत, कुणाला तरी हाका मारत होतं.

गर्दीत एक बाई होती. गवळण. नवरा परगावी, घर तिच्या एकटीच्या धारेवर चालायचं. गूळशेठचं देणं तिच्यावर सगळ्यांत जास्त, आणि म्हैस सोडून तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आतापर्यंत ती ओठ दाबून उभी होती. म्हैस दुसऱ्यांदा हंबरली तेव्हा तिचे खांदे हलले. तिसऱ्यांदा हंबरली आणि ती गर्दी सारून पुढे आली.

"उठा मामी, सरा बाजूला," ती म्हणाली. "दुखतंय तिला. माझी आहे ती."

ती उकिडवी बसली, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं, आणि धार सुरू झाली. चरवीत पहिल्या धारेचा आवाज सगळ्या अंगणाने ऐकला.

गूळशेठ पोट चोळत म्हणाला, "अगं बाळे, तू तर म्हैस मेली म्हणून रडली होतीस माझ्याकडे. मीही डोळे पुसले होते."

"मेली होती शेठ," गवळण धार न थांबवता म्हणाली. "बरी झाली."

कुणीतरी फिस्स केलं. साहेबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. मग सुताराच्या बायकोने सुताराला मागून ढकललं.

"सोफा माझा," सुतार म्हणाला. "मीच केलाय. साहेब, डाव्या टोकाला बसू नका, तिथला पाय नुसता टेकवून ठेवलाय."

"तू तर फोडलास ना तो?" गूळशेठ म्हणाला.

"फोडणारच होतो शेठ. कुऱ्हाडीला धार लावायची राहिली."

"फ्रीज माझा," न्हावी म्हणाला. "बंद आहे दोन वर्षं. केस तुमचेच आहेत शेठ, परवाचे."

त्यानंतर मास्तर पुढे आले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कपाट माझं. वाळवीचं मी खोटं बोललो होतो." आणि मग, सवयीने, स्वतःच्या हातावर दुसऱ्या हाताने एक छडी मारल्यासारखं केलं.

मग काय, लोंढाच आला. कप माझे, सतरंजी माझी, फुलं माझी. घड्याळांसाठी आम्ही तिघंजण एकदम घुसलो. साहेबांनी एकेकाला खूण विचारली, खात्री केली, आणि "घेऊन जा" म्हणाले. सोफा निघाला, फ्रीज निघाला, कपाट निघालं. शेवटी खोलीत उरलं ते असं: एक खाट, एक चटई, चूल, सहा-सात भांडी, देवाचा कोनाडा आणि त्यात तेवणारी वात. साहेबांचं लिहून लगेच झालं. ते पिठाच्या पोत्यावर बसले आणि गवळणीच्या दुधाचा चहा कान तुटलेल्या कपातून प्यायले. उठले तेव्हा पिठाने पांढरी झालेली त्यांची पाठही आमच्यातल्याच कुणाची वाटत होती.

आक्का त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "माझं चुकलं साहेब. त्याचं यात काही नाही. घर असं उघडं तुम्हाला दाखवायची लाज वाटली."

"आजी," साहेब म्हणाले, "मी रोज घरं बघतो. लोक घरातलं बाहेर लपवतात. बाहेरचं घरात आणून ठेवलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." आणि त्यांना ती परवानगी बहुतेक वरून मिळाली, कारण ते हसले.

पण गूळशेठही हसत होता. हे लक्षात घ्या. सगळ्या गावाचं झाकलेलं सामान त्याच्या डोळ्यांसमोरून वरातीसारखं गेलं होतं. "चला," तो म्हणाला, "बरं झालं. उद्यापासून एकेकाकडे येतो. घरचीच माणसं तुम्ही."

"या ना शेठ," वकीलबाई रुमालातून म्हणाली. "येताना सावकारीचा परवाना घेऊन या. साहेबांनाही बघायचा असेल. आणि व्याज कसं लावता तेही. हे सगळे आधी माझ्याकडे येऊन जातील म्हणते मी. जिन्याखाली बसते, फी नाही."

गूळशेठच्या चेहऱ्यावरचा गूळ पहिल्यांदाच घट्ट झाला. "परवाना आहे ना. म्हणजे होता. जुन्या पेटीत होता. उंदरांनी..."

"शोधा शेठ, सापडेल," गवळण चरवी काखेला लावत म्हणाली. "म्हैससुद्धा सापडली."

थंडी पडायच्या सुमारास कोर्टाचा निकाल आला. मिरचीचं यंत्र आणि पंखा विकला गेला. लांबच्या कुठल्याशा गावाने घेतला. त्या गावातल्या लेकरांवर देवाची कृपा असो. गिरणीमागचा जमिनीचा तुकडाही गेला, त्याचं मामींना अजून वाईट वाटतं. बाकीच्या देण्यातून मामा मोकळे झाले, आणि गिरणी राहिली. निकालाच्या दिवशी मामांनी गहू दळायला घेतला तेव्हा पट्ट्याच्या खडखडाटात मामी ओरडत होत्या आणि मामाही ओरडत होते. भांडण नव्हतं. नुसतं बोलायचं होतं.

सुतार, न्हावी, मास्तर, मी, सगळे एकेक करून जिन्याखाली जाऊन आलो. बाहेर पडताना प्रत्येकाने डोकं आपटून घेतलं. व्याजाचे नीट हिशेब झाले आणि बऱ्याच जणांचं देणं कधीच फिटून गेलेलं निघालं. गवळणीचं मात्र निघालं नाही. तिचं मुद्दल खरंच बाकी होतं. वकीलबाईने व्याज कायद्यात बसेल तेवढं करून दिलं, आणि तेव्हापासून पहाटे ती गूळशेठच्या दारात दुधाचा रतीब घालते, फिटेपर्यंत. मी एकदा तिला विचारलं, "शेठ समोर उभा होता, आमच्यातलं कुणी हललं नव्हतं. मग तूच का बोललीस?" तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "तिला दुखत होतं ना," ती म्हणाली, आणि पुढच्या घरी गेली.

आता उठा, रात्र व्हायच्या आत घरी पोचा. आणि झोपण्याआधी हात जोडाल तेव्हा आपल्या लेकराबाळांबरोबर तिचीही एकदा आठवण काढा. नाव घ्यायची गरज नाही. गवळण म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं.